बुडीत ठरलेली गाडी आणि तिची किंमत



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस निमंत्रण दिले आणि विषय आमचा आम्हीच निवडावा असे सांगितले. या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमची शाळा सातवीत सुटली आणि चौदाव्या वर्षी आम्ही एका गॅरेजात पाने-पक्कड उचलून देण्याच्या कामाला लागलो. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि फियाट गाडीच्या पोटाखाली. गेली तीस वर्षे गॅरेज-कामगार आणि ड्रायव्हर यांची संघटना चालविताना विमा कायदा, मोटार वाहन कायदा ही पुस्तके हाताखालून गेली, ती गरज पडली म्हणून. हौस म्हणून नव्हे. तेव्हा आम्हांस जे ठाऊक आहे त्याविषयीच बोलावे हे बरे. विषय असा की, अपघातात किंवा पुरात सापडलेली, विमा कंपनीने 'टोटल लॉस' म्हणजे पूर्ण बुडीत ठरविलेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते, ती सामान्य माणसाने घ्यावी काय, आणि घ्यावी तर किती रुपयांना?

हा प्रश्न मोटारवाल्यांचा, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे पुढच्या रांगेतील काही मंडळींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. पण नवी गाडी घेणारा हा प्रश्न विचारीत नाही. तो विचारतो निवृत्तीचा पैसा हाती आलेला माणूस.

आमच्या युनियनचा एक जुना सभासद साखर कारखान्यावर तीस वर्षे ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्याने एक पांढरी गाडी घेतली. बायकोला आठवड्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागे, तेवढ्यासाठी. किंमत तीन लाख साठ हजार. तशा गाडीला बाजारात चार लाख पडतात, तेव्हा चाळीस हजार वाचले या आनंदात त्याने आम्हांस पेढे आणून दिले. चार महिन्यांनी तो पुन्हा आला. गाडी डावीकडे ओढत होती आणि पुढच्या डाव्या चाकाचा टायर एका कडेने झिजून गेला होता. तीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे कळावयास चार महिने का लागले, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "अण्णा, कळलं पहिल्याच दिवशी. पण पैसे देऊन बसलो होतो."

गाडी रॅम्पवर चढविली. बॉनेटखाली चाकावरचा जो पत्र्याचा भाग असतो, ज्याला आमच्या धंद्यात एप्रन म्हणतात, तो कापून दुसऱ्या गाडीचा जोडलेला होता. ड्रायव्हरसमोरच्या एअरबॅगच्या जागी नुसते झाकण होते; आत काही नव्हते. आणि आरसी बुकावर नाव होते परराज्यातल्या एका गृहस्थाचे, ज्यांस विमा कंपनीने गाडीचे पैसे केव्हाच चुकते केले होते.

आता ही गाडी 'बुडीत' कशी ठरली होती ते पाहू. कारण या शब्दाविषयीच लोकांचा मोठा गैरसमज आहे. गाडीचा विमा उतरविताना पॉलिसीवर एक आकडा लिहिलेला असतो, त्यास आयडीव्ही म्हणतात. गाडी नाहीशी झाली तर कंपनी देईल ती ही रक्कम. ती काढण्याची रीत ठरलेली आहे. त्या मॉडेलच्या नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा : सहा महिन्यांच्या आत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांच्या आत वीस, तीनच्या आत तीस, चारच्या आत चाळीस, पाचच्या आत पन्नास. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावे. अपघातानंतर सर्व्हेअर येतो. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च या आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक जात असेल, तर गाडी बुडीत धरावी, असा पॉलिसीतला नियम आहे. २००७ साली विम्याचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, तरी ही रीत पुढे चालूच राहिली.

याचा अर्थ ध्यानात घ्या. समजा, नवी गाडी आठ लाखांची आहे. चार महिन्यांची असताना तिला धडक बसली. तिची आयडीव्ही सात लाख साठ हजार, त्याचे पंचाहत्तर टक्के म्हणजे पाच लाख सत्तर हजार. अधिकृत वर्कशॉपने तीन लाख दहा हजारांचा अंदाज दिला; कंपनीने मान डोलावली, गाडी दुरुस्त होऊन घरी गेली, आणि तिच्यावर कसलाही शिक्का बसला नाही. तीच धडक, तोच पत्रा, पण गाडी साडेचार वर्षांची. आयडीव्ही चार लाख, पंचाहत्तर टक्के म्हणजे तीन लाख. अंदाज तोच, तीन लाख दहा हजार. ही गाडी बुडीत! म्हणजे हा निकाल इंजिनिअरचा नाही, हिशेबनिसाचा आहे. गाडी रस्त्यावर चालण्यास लायक आहे की नाही, हा प्रश्न त्यात कोणी विचारलेलाच नसतो.

म्हणून 'टोटल लॉस' शब्द ऐकताच नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. दहा वर्षांच्या गाडीचे दोन दरवाजे, एक हेडलाइट आणि बंपर गेले तरी ती कागदावर बुडते, आणि चांगला डेंटर ती खरोखरच चांगली करू शकतो. उलट, आयडीव्हीच्या सत्तर टक्के खर्च करून उभी केलेली, चेसी वाकलेली नवी गाडी कागदावर स्वच्छ असते. आम्हांस विचाराल तर या दुसरीची आम्हांस अधिक भीती वाटते.

बुडीत गाडीचे पुढे काय होते? एक तर कंपनी पूर्ण रक्कम देते आणि सांगाडा ताब्यात घेऊन लिलावात काढते. नाहीतर सांगाड्याची किंमत आयडीव्हीतून वजा करून बाकीची रक्कम मालकाला देते आणि सांगाडा त्याच्याच गळ्यात ठेवते. यालाच 'नेट ऑफ सॅल्व्हेज' म्हणतात. दोन्ही वाटा अखेर एकाच माणसाकडे जातात. तो सॅल्व्हेजचा व्यापारी. वरच्या उदाहरणातली गाडी तो एक लाख वीस हजारांना घेईल. अधिकृत वर्कशॉप तीन लाख सांगते, कारण ते प्रत्येक भाग नवा, कंपनीचा, छापील किमतीचा घालते. व्यापारी भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचे दरवाजे आणि पुढचा पत्रा आणतो, रस्त्याकडेच्या गॅरेजात काम करून घेतो, आणि एक लाख चाळीस हजारांत गाडी चकचकीत करतो. दोन लाख साठ हजारांची गाडी तीन लाख साठ हजारांना विकली की एक लाख सुटले. यात बेकायदा असे अजून काही झालेले नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. जुना भाग घालून गाडी उभी करणे हे कसबाचे काम आहे आणि आमच्या शेकडो सभासदांच्या चुली त्यावर पेटतात.

लबाडी सुरू होते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण एअरबॅग. ती एकदा फुगली की नवीच घालावी लागते. तिच्याबरोबर तिचे नियंत्रण करणारी पेटी आणि बहुधा सीटबेल्टही. हा खर्च एवढा मोठा असतो की पुष्कळ गाड्या केवळ त्यापायी बुडीत ठरतात. व्यापारी हा खर्च टाळतो. पण मग डॅशबोर्डवर लाल दिवा जळत राहतो. दोन-तीन रुपयांचा एक रेझिस्टर तारेत जोडला की गाडीच्या यंत्रणेला एअरबॅग जागेवर असल्याचा भास होतो आणि दिवा विझतो. घेणाऱ्याला काहीच कळत नाही. कळते ते एकदाच, आणि त्या वेळी कळून उपयोग नसतो.

दुसरे ठिकाण कागद. पत्र्याच्या भावापेक्षा सांगाड्याला अधिक किंमत का येते, असा प्रश्न कधी पडला आहे काय? कधी कधी ती किंमत सांगाड्याची नसतेच. आरसी बुकाची असते. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणावयाची, तिचा चेसी नंबर घासून त्यावर बुडीत गाडीचा नंबर ठोकावयाचा, म्हणजे चोरीची गाडी सरकारदरबारी शुद्ध झाली. असल्या टोळ्या पोलिसांनी अनेक शहरांत वेळोवेळी पकडल्या आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावे आणि नोंदणी रद्द व्हावी. पण दुरुस्त होण्याजोगी गाडी 'कायमची निकामी' म्हणावी काय? या फटीतूनच सगळी वाहतूक चालते.

इंग्लंडात या फटीवर एक उपाय केलेला आहे. तेथे विमा कंपन्यांनी बुडीत गाड्यांचे चार वर्ग पाडले आहेत. हल्लीचे वर्ग ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. पहिल्या वर्गातील गाडी सगळीच्या सगळी चेचून टाकावयाची. दुसऱ्या वर्गातील गाडीचे सुटे भाग वापरावे, सांगाडा मात्र नष्ट करावा. तिसऱ्यात गाडीच्या हाडाला मार लागलेला, पण दुरुस्त होण्याजोगा. चौथ्यात हाड शाबूत. हा वर्ग गाडीच्या नावावर नोंदला जातो आणि घेणारा तो थोडे पैसे भरून पाहू शकतो. अमेरिकेत गाडीच्या मालकीपत्रावरच सॅल्व्हेजचा शिक्का मारतात. आपल्या आरसी बुकात मालक आहे, रंग आहे, बँकेच्या बोजाची नोंद आहे. पण ही गाडी एकदा मेली होती, हे सांगणारा रकाना नाही. युनियनने यासंबंधी अर्ज केले आहेत आणि पुढेही करू.

पुराच्या गाडीविषयी या गावात अधिक सांगावयास नको. २००५ साली, २०१९ साली, २०२१ साली कृष्णेचे पाणी कोठवर आले होते ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या बुडाल्या. त्यांतल्या पुष्कळ पुढे गावोगाव विकल्या गेल्या. आमच्या गॅरेजात आलेल्या काहींच्या सीटखाली आम्ही स्वतः गाळ पाहिला आहे. धडकेची गाडी आणि पुराची गाडी यांत मोठा फरक आहे. धडकेचा मार एका जागी असतो. दाखविता येतो, बदलता येतो. पाणी सगळीकडे शिरते. वायरिंगच्या प्रत्येक जोडात हिरवी बुरशी धरते आणि सहा-आठ महिन्यांनी, मध्यरात्री, घाटात, गाडीची पेटी काम सोडते. शिवाय पाण्यातली गाडी कोणी घाईने स्टार्ट मारली असेल तर इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि साध्या पॉलिसीत कंपन्या हे नुकसान बहुधा नाकारतात. पुराची गाडी घेऊ नये. स्वस्त असो, फुकट असो. सुट्या भागांसाठी घेणाऱ्या मेकॅनिकची गोष्ट वेगळी.

आता परीक्षा. ज्यांस गाडी घ्यावयाची नाही त्यांनी हा भाग शेजाऱ्यासाठी ऐकावा.

सर्वांत आधी कागद, मागून पत्रा. लोक नेमके उलट करतात. विकणाऱ्याकडे मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागाव्या. त्यांत नो क्लेम बोनस म्हणून एक आकडा असतो. एक वर्ष दावा न केल्यास वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास, असा तो जिन्यासारखा चढतो. पस्तीसवरून एकदम शून्यावर आला असेल तर त्या वर्षी या गाडीने कंपनीकडून पैसे घेतले आहेत हे निश्चित. किती आणि कशासाठी, हे मग विकणाऱ्याने सांगावे. (गाडीचा मालक बदलला तरीही बोनस शून्यावर येतो, कारण तो बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, तेव्हा मालक केव्हा बदलला तेही पाहावे.) आणि पॉलिसीतच सहा-आठ महिन्यांचा खंड असेल तर त्या काळात गाडी कोठे उभी होती, हे विचारावे. अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसी नंबर देऊन गाडीचा इतिहास मिळतो का तेही पाहावे; मालक बरोबर असला तर पुष्कळदा मिळतो.

मग गाडी. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या बोल्टांवरचा रंग खरवडला असेल तर ते एकदा निघालेले आहेत. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग सारख्या अंतरावर, रुपयासारखे गोल असते. हातचे वेल्डिंग ओबडधोबड, वर काळा सीलंट फासलेले. साधे लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे खाली पुट्टी आहे. काचांवर कंपनीची खूण असते, एखादीच वेगळी असेल तर का, ते विचारावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. हे कोणीच करीत नाही. बेल्टच्या तळाशी उत्पादनाची तारीख शिवलेली सापडते. ती गाडीच्या तारखेनंतरची असेल तर बेल्ट बदललेला आहे, आणि तेथे मातीची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर गालिचा उचलून वास घ्यावा. किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा दोन-चार सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर गाडी घेऊ नये. लागून विझतो म्हणजे एअरबॅग आहे, असेही मात्र नाही; ते मघाशी सांगितले. त्यासाठी जाणता माणूस लागतो.

किंमत कशी ठरवावी? विकणारा चांगल्या गाडीच्या किमतीवरून थोडे खाली येतो आणि आपण खूष होतो. आमची रीत अशी. प्रथम तशाच, त्याच वर्षाच्या, अपघात नसलेल्या गाडीला व्यापारी काय देईल ते तीन ठिकाणी विचारावे. काय घेईल ते नव्हे, काय देईल ते. त्यातून राहिलेल्या दुरुस्तीचा खरा, नव्या भागांचा खर्च वजा करावा. मग गाडीचे हाड शाबूत असेल तर उरलेल्या किमतीचा चौथा हिस्सा आणि हाडाला मार लागला असेल तर तिसरा हिस्सा सोडून द्यावा. कारण उद्या खरे सांगून आपण विकावयास जाऊ तेव्हा पुढचा माणूस तेवढे सोडणारच. गाडी झिजेपर्यंत स्वतःच वापरणार असाल तर हे नुकसान वर्षांवर वाटले जाते. दोन वर्षांत विकणार असाल तर या भानगडीत पडूच नये. आमच्या ड्रायव्हरची गाडी या हिशेबात धरली तर तीन लाख साठ हजार देणाऱ्यांच्या बोलीतून साठ हजार एअरबॅगचे गेले, राहिले तीन लाख. त्याचा तिसरा हिस्सा गेला, राहिले दोन लाख. त्याने चाळीस हजार वाचविले नव्हते. एक लाख साठ हजार जास्त दिले होते.

गंमत अशी की, विमा कंपनीच्या कागदावर ही गाडी पुन्हा चांगली ठरते. पुढच्या वर्षीची आयडीव्ही तिच्या वयावरून निघते, इतिहासावरून नव्हे. घेणारा दोन लाखांच्या गाडीचा हप्ता पुऱ्या किमतीवर भरतो. आणि जुनी गोष्ट फॉर्मवर लपविली तर ऐन वेळी दावा अडतो.

आणखी एक. सांगाडा विकणारे सभेत कोणी असतील तर त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळे होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या वहीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. त्या परराज्यातल्या गृहस्थांना त्यांच्या नावावरची गाडी आपल्या गावात फिरते आहे, याचा पत्ता नव्हता. आम्ही पत्र लिहिले तेव्हा त्यांचा घाबरून फोन आला.

आता आम्हांस जे बोलणे जड जाते ते सांगतो. तो दिवा कोणी विझविला याचा शोध केला तेव्हा तो मुलगा आमच्याच युनियनचा निघाला. वीस-एकवीस वर्षांचा. मासिक सभेत तो आणि तो ड्रायव्हर एकाच सतरंजीवर बसले होते. मुलगा म्हणाला, "मालक म्हणाले दिवा विझव, मी विझवला. गाडी कुठं जाणार ते मला काय माहीत?" ड्रायव्हर त्याला काही बोलला नाही. मग मला म्हणाला, "अण्णा, मी आता ही गाडी गप विकली तर मी पण त्याच्यासारखाच की." त्या रात्री दोन वाजेपर्यंत सभा चालली. ठराव झाला : युनियनचा सभासद दोन कामे करणार नाही, एअरबॅगवाचून दिवा विझविणार नाही आणि चेसी नंबराला हात लावणार नाही. ठराव सोपा होता. त्यापायी तीन पोरांची कामे गेली. दोघांना आम्ही दुसरीकडे लावले. तिसऱ्याला अद्याप लावता आलेले नाही, आणि तो मुलगा हाच. ठराव चुकीचा होता असे आम्हांस वाटत नाही, पण त्याची आई बाजारात भेटली की आम्ही बाजूच्या बोळात वळतो.

ड्रायव्हरने गाडी सगळे दोष कागदावर लिहून, कागदपत्रे नीट करून, एका मेकॅनिकला एक लाख नव्वद हजारांना विकली. बायकोला तो आता एसटीने नेतो.

अध्यक्षांनी घंटी वाजविली आहे, तेव्हा एवढेच सांगतो. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा युनियनच्या कचेरीसमोर आमचे दोन डेंटर आणि एक वायरमन बसतात. गाडी घेण्याआधी आणावी, फी नाही. तीन वर्षांच्या पॉलिसी आणाव्या, शक्य असेल तर विकणाऱ्यालाही आणावे, आणि येताना गाडी धुऊन आणू नये.